अब्राहाम आमचा पिता कसा? विश्वासाने मिळणाऱ्या वारशाविषयी एक प्रश्न

प्रश्न : फोंड्याहून एक सभासद

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. आमचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले. पणजोबांच्या पिढीपर्यंत घरात ख्रिस्ताचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. आजोबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही फोंड्याला आलो ते इथलेच झालो. शेजारच्या काकांशी आमचा जुना घरोबा आहे. गणेश चवथीला त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा गणपतीवर टांगलेल्या, सुपारीचे घड आणि आंबाडे बांधलेल्या माटोळीखाली बसून बोलता बोलता त्यांनी मला विचारले, "आम्ही आमचे कूळ सांगतो, कुलदैवत सांगतो, गावकरीत (गावच्या मूळ घराण्यांच्या सामाईक जमीन-संस्थेत) आमचा वांगड (कुळशाखा) कोणता तेही सांगतो. तुम्ही अब्राहामाला पिता म्हणता. तो कुठला आणि तुम्ही कुठले? बरे, त्याला पिता म्हटल्यावर तुमच्या नगरच्या पणज्याचे काय केलेत?" प्रश्नात खोच नव्हती, खरी जिज्ञासा होती, आणि म्हणूनच थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून न्यावी असे मला वाटले नाही.

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट मला लहानपणापासून पाठ आहे. जे ख्रिस्ताचे आहेत ते अब्राहामाचे संतान आणि अभिवचनाप्रमाणे वारस आहेत, असे पौल तेथे म्हणतो. परंतु काकांना ते समजावून सांगायला बसलो तेव्हा मला पुढचे शब्द सापडेनात. ज्याच्या रक्ताचा थेंबही आपल्यात नाही त्याचा वारसा आपल्याला कोणत्या न्यायाने मिळतो? त्या वारशात नेमके काय मिळते? ज्या पणजोबांनी कोरडवाहू शेतीवर आमचे घराणे उभे केले आणि ज्यांच्या कानावर सुवार्ता कधीच पडली नाही, त्यांच्याशी माझे नाते आता कोणते उरते? जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

उत्तर : वास्कोहून, निवृत्त पाळक

आपल्या शेजाऱ्यांनी विचारलेला प्रश्न पहिल्या शतकातल्या मंडळीला फार अस्वस्थ करून गेला होता. गलतिया प्रांतातले यहूदी नसलेले लोक ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागले, तेव्हा काही शिक्षक त्यांना सांगू लागले की अब्राहामाच्या घरात यायचे असेल तर आधी सुंता करून घ्या, मोशेचे नियमशास्त्र पाळायला लागा, आणि मगच त्याची लेकरे म्हणवून घ्या. गलतीकरांस पत्र हे त्या शिकवणीला पौलाने दिलेले उत्तर आहे. हे उत्तर त्याने अब्राहामाच्या चरित्रातूनच काढले आहे, आणि त्यातच त्याची खरी ताकद आहे.

ते समजण्यासाठी उत्पत्तीच्या पुस्तकातला घटनाक्रम डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे. अब्राम (अब्राहामाचे आधीचे नाव) देवाच्या सांगण्यावरून हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. पंधराव्या अध्यायात तो अजून निपुत्रिक आहे, आपल्यामागे घरातला नोकरच सर्व घेऊन जाणार या विचाराने खिन्न आहे, आणि अशा वेळी देव त्याला तंबूच्या बाहेर नेऊन आकाशातले तारे मोजायला सांगतो व म्हणतो की तुझी संतती एवढी होईल. अब्रामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि परमेश्वराने तो विश्वास त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून गणला, हे वाक्य तेथे येते. त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा होता, तर त्याची सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता. म्हणजे देवाने त्याला नीतिमान ठरवले त्यानंतर निदान १३ वर्षांनी त्याच्या शरीरावर कराराची खूण आली. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल याच अंतरावर बोट ठेवतो. देवापुढे नीतिमान ठरला त्या क्षणी अब्राहाम सुंता न झालेला मनुष्य होता, म्हणून सुंता न झालेल्या पण विश्वास ठेवणाऱ्या सर्वांचा तो बाप आहे, आणि सुंता झालेल्यांपैकी जे त्याच्या विश्वासाच्या पावलांवर चालतात त्यांचाही बाप आहे. नियमशास्त्र तर पौलाच्या हिशेबाने ४३० वर्षांनंतर आले. आधी पक्के झालेले अभिवचन नंतर आलेला नियम रद्द करू शकत नाही, असे तो म्हणतो.

आता आपण त्या अभिवचनात कसे शिरतो ते पाहू. पौलाची मांडणी अशी आहे की अब्राहामाला व त्याच्या संतानाला दिलेले वचन अखेर ज्या एकामध्ये पूर्ण होते तो ख्रिस्त होय. खरा वारस तोच आहे. आपण विश्वासाने आणि बाप्तिस्म्याने त्याच्याशी जोडले जातो, म्हणून जे त्याचे आहे त्यात आपलाही भाग होतो. शेजाऱ्यांना उत्तर देताना ही मधली पायरी गाळू नये. अब्राहामाशी आपले नाते थेट नाही, ते ख्रिस्तामधून आहे. ती पायरी गाळली की आपण कुणा दूरदेशीच्या माणसाची वंशावळ उसनी घेऊन मिरवत आहोत असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि तसे वाटले तर दोष त्याचा नसतो.

कोणत्या न्यायाने, असेही आपण विचारले आहे. दत्तकाच्या न्यायाने. रोमी कायद्यात दत्तक घेतलेला मुलगा पोटच्या मुलासारखाच पूर्ण वारस होत असे. युलियस कैसराने इ. स. पूर्व ४४ मध्ये मागे ठेवलेल्या मृत्युपत्राने दत्तक झालेला ऑक्टेव्हियन पुढे औगुस्त कैसर, म्हणजे रोमचा पहिला सम्राट, झाला, ही गोष्ट रोममधल्या साध्या माणसालाही ठाऊक होती. त्याच रोममधल्या विश्वासणाऱ्यांना पौल लिहितो की तुम्हाला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, त्याच्यायोगे आपण "अब्बा, बापा" अशी हाक मारतो, आणि आपण मुले आहोत तर वारसही आहोत, देवाचे वारस आणि ख्रिस्ताचे सोबतीचे वारस.

शास्त्राने रक्ताच्या नात्याचा तिरस्कार केलेला नाही, परंतु त्यावर विसंबून राहणाऱ्यांना ते फार कठोरपणे बोलते. अब्राहाम एकटा असून त्याला देश मिळाला, आम्ही तर पुष्कळ आहोत, असे म्हणणाऱ्यांची यहेज्केल संदेष्ट्याने झाडाझडती घेतली. योहान बाप्तिस्मा करणारा यार्देनेच्या काठी सांगत होता की देव या दगडांतूनही अब्राहामासाठी मुले उत्पन्न करू शकतो. लाजराच्या दाखल्यातला श्रीमंत मनुष्य यातनांमधून "बापा अब्राहामा" अशी हाक मारतो, अब्राहामही त्याला "मुला" असेच म्हणतो, आणि तरीही त्यांच्यामधली मोठी दरी बुजत नाही. दाखल्यातल्या या एका शब्दाने मला पुष्कळदा थांबवले आहे. नाते अब्राहामाने नाकारलेले नाही, नाते खरे आहे, पण दारात पडलेल्या भिकाऱ्याकडे ज्याने आयुष्यभर पाहिले नाही त्याला ते नाते उपयोगी पडत नाही. उलट मवाबी रूथ, जिचा अब्राहामाच्या वंशाशी संबंध नव्हता, ती आपल्या सासूच्या देवाला आपला देव म्हणून स्वीकारते, आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव नोंदले जाते.

उत्तर : मडगावहून, मूळच्या वसईच्या

वरील उत्तरातली मांडणी मला पूर्णपणे मान्य आहे. मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या उपासनेच्या बाजूने थोडी भर घालते. मिस्साच्या पहिल्या, म्हणजे रोमन, कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत धर्मगुरू अब्राहामाचा उल्लेख विश्वासातला आमचा पिता असा करतात. पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीत अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघाला त्या कथेचे वाचन होते, आणि त्यानंतरच्या प्रार्थनेत असे म्हटले जाते की देव जगभर दत्तकपणाची कृपा ओतून अभिवचनाची मुले वाढवत आहे आणि पास्काच्या रहस्याद्वारे अब्राहामाला अनेक राष्ट्रांचा पिता करत आहे. त्याच रात्री प्रौढांचा स्नानसंस्कार होतो. पाण्याजवळ उभ्या असलेल्या त्या माणसांकडे पाहिले की तारे मोजायला सांगणारे वचन अजून पुरे होत आहे, हे मला तरी कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हटले जाणारे मरियेचे स्तोत्रही अब्राहाम व त्याचे संतान यांना दिलेल्या वचनाच्या स्मरणाने संपते.

आपल्या शेजाऱ्यांनी गावकरीचा उल्लेख केला आहे, आणि गोव्यात हा विषय समजावून सांगायला त्याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. इथल्या गावकरीच्या रूढी १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया यांनी लेखी नोंदवल्या, परंतु संस्था त्याहून पुष्कळ जुनी आहे. कोमुनिदादीत (गावकरीचे पोर्तुगीज नाव) गावकर होता येते ते जन्माने, परंपरेने पुरुषवंशातून. झोण, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नातला वाटा, मिळते तीही त्याच नात्याने. बाहेरून येऊन शंभर वर्षे त्याच गावात राबलेल्या घराण्याला ती मिळत नाही, आणि गावकराच्या लेकीचाही तिच्यावर परंपरेने हक्क नसतो. अशा व्यवस्थेत वाढलेल्या माणसाला गलतीकरांस पत्रातले ते वाक्य वाचून दाखवावे, ज्यात यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद ख्रिस्तामध्ये उरत नाही असे म्हटले आहे. बहुतेक वेळा आपण ते समतेचे एक सुंदर वचन म्हणून वाचतो आणि तेथेच थांबतो, पण त्याच्या लगेच पुढचे वचन वारशाचे आहे. देवाच्या घरातल्या नोंदवहीत कोणाचे नाव लिहिले जाते, हाच पौलाच्या पुढ्यातला विषय होता. दासाचे लिहिले जाते, स्त्रीचे लिहिले जाते, परक्याचे लिहिले जाते.

एक गोष्ट मनात सलते, तीही लिहिते. हे वचन चर्चमध्ये वाचले जात असतानाही आपल्याकडच्या काही चर्चमधल्या कोंफ्रारींचे (धार्मिक बंधुसंघांचे) सभासदत्व फार काळ गावकर घराण्यांपुरते राखून ठेवलेले होते आणि त्यावरून वाद झाले. वसईच्या बाजूलाही घराण्याचा आणि जातीचा अभिमान स्नानसंस्काराच्या पाण्याने लगेच धुऊन गेला असे म्हणता येत नाही. ज्याला वारसा कृपेने मिळाला त्याने दुसऱ्या वारसाला पायरीखाली उभे करणे हे त्या अभिवचनाचा अपमान करणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक स्थानिक दुवा सांगावासा वाटतो. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली सासष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले, आणि त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराचीच कथा ओवीबद्ध मराठीत सांगितली आहे. येशूची कथा सांगण्यापूर्वी जुन्या कराराचा एवढा मोठा भाग सांगणे त्यांना आवश्यक वाटले, याचे कारण या चर्चेच्या विषयातच आहे. अभिवचन माहीत नसेल तर ते पूर्ण झाल्याचा आनंद कळणार कसा?

प्रश्नकर्ता : फोंड्याहून

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. दत्तकाचा मुद्दा आणि गावकरीचे उदाहरण काकांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "म्हणजे हक्क नाही, दान आहे." त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगले समजून घेतले असे वाटते. वारशात काय मिळते याविषयी मात्र माझा गोंधळ वाढला आहे. अलीकडे एका प्रार्थनासभेत मी असे ऐकले की अब्राहाम गुरेढोरे, सोने आणि चांदी यांनी संपन्न होता, आपण त्याचे वारस आहोत, म्हणून भरभराट हा आपला हक्क आहे आणि ती मिळत नसेल तर आपल्या विश्वासात खोट आहे. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, ज्यांच्या यजमानांची नोकरी नुकतीच गेली होती. त्या मान खाली घालून रडू लागल्या. हे शास्त्राला धरून आहे का?

उत्तर : म्हापशाहून

नाही, हे शास्त्राला धरून नाही, आणि त्या बाईंना कोणीतरी लवकर जाऊन हे सांगितले पाहिजे.

अब्राहाम धनवान होता हे उत्पत्तीत लिहिले आहे, पण ते धन म्हणजेच अभिवचन असे कोठेही लिहिलेले नाही. देवाने त्याला वचन दिले होते ते संततीचे, देशाचे, आणि त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होण्याचे. त्यातल्या देशाचे काय झाले ते पाहा. सारा मरण पावली तेव्हा तिला पुरायलासुद्धा अब्राहामाजवळ जागा नव्हती. हेथी लोकांपुढे उभा राहून, मी तुमच्यात परका व उपरी आहे, असे म्हणत त्याने एफ्रोनाकडून मकपेलाचे शेत आणि त्यातली गुहा ४०० शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतली. तेविसाव्या अध्यायात हा व्यवहार गावच्या वेशीत, साक्षीदारांसमोर, शेतातल्या झाडांसकट आणि हद्दीसकट असा नोंदवला आहे की एखादे खरेदीखत वाचतो आहोत असे वाटावे. सगळ्या वचनदत्त देशात त्याने पत्नीच्या कबरेसाठी पैसे मोजून जमीन घेतली, आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन आपल्या शेवटच्या भाषणात सांगतो त्याप्रमाणे देवाने त्याला त्या देशात पाऊलभर जमीनही वतन म्हणून दिली नव्हती. इब्री लोकांस पत्र म्हणते की तो, इसहाक आणि याकोब त्याच अभिवचनाचे सोबतीचे वारस असून तंबूत राहिले, कारण देव ज्याचा रचणारा आहे अशा पाया असलेल्या नगराची ते वाट पाहत होते. वारसाची ही जर पहिली तीन उदाहरणे आहेत, तर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि नोकरी गेलेल्या माणसाचा विश्वास उणा आहे असे म्हणणारे आपण कोण?

मग वारशात काय मिळते? अब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांना मिळावा हे सांगताना पौल लगेच त्याचा खुलासा करतो की विश्वासाने आपल्याला आत्म्याविषयीचे अभिवचन मिळावे. त्या सभेत गलतीकरांस पत्रातले हे वचन वाचले असेल तर ते अर्धेच वाचले गेले, एवढे मी खात्रीने सांगतो. इफिसकरांस पत्रात हाच पवित्र आत्मा आपल्या वतनाचा विसार आहे असे म्हटले आहे. विसार दिला म्हणजे व्यवहार पक्का झाला, पण ताबा अजून मिळायचा आहे. पेत्र त्या वतनाला अविनाशी, निर्मळ आणि न कोमेजणारे म्हणतो, ते स्वर्गात राखून ठेवले आहे असे सांगतो, आणि हे तो छळाने विखुरलेल्या, परक्यासारखे जगणाऱ्या लोकांना लिहितो. रोमकरांस पत्रात ख्रिस्ताचे सोबतीचे वारस असे म्हटल्यावर त्याच वाक्यात ख्रिस्ताबरोबर दुःख भोगण्याची गोष्ट येते. रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करावी, नोकरीसाठीही करावी, प्रभूनेच तसे शिकवले आहे. परंतु भाकर मिळाली नाही म्हणून कोणी वारस नाही असे ठरत नाही.

उत्तर : वास्कोहून, निवृत्त पाळक

वरील सभासदांनी वारशाचा भाग इतका नीट मांडला आहे की त्यात मी हात घालत नाही. पणजोबांचा प्रश्न मात्र राहून गेला होता, आणि माझ्या मते आपल्या काकांना खरे तर तोच विचारायचा होता.

यहोशवाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना आठवण करून दिली आहे की तुमचे पूर्वज, अब्राहाम व नाहोर यांचा बाप तेरह, फार पूर्वी नदीपलीकडे राहत होते आणि ते अन्य देवांची सेवा करत होते. विश्वासणाऱ्यांचा हा बाप स्वतः अशा घरातून आला आहे, ज्यात परमेश्वराची ओळख नव्हती. नगरच्या ज्या घरातून आपले आजोबा बाहेर पडले, त्या घराहून अब्राहामाचे घर या बाबतीत वेगळे नव्हते. आणि लूकाने लिहिलेली येशूची वंशावळ पाहा. ती अब्राहामापाशी थांबत नाही. ती तेरहाचे नाव घेते, त्याच्या बापाचे, म्हणजे थोरल्या नाहोराचे घेते, आणि मागे मागे जात आदामापर्यंत आणि देवापर्यंत पोहोचते. प्रभूच्या स्वतःच्या वंशावळीतून तेरहाला वगळलेले नाही. त्यामुळे अब्राहामाला पिता म्हणणाऱ्याने आपल्या पणजोबांना वगळावे असे कोणी म्हणत असेल, तर त्याला लूकाचा तिसरा अध्याय दाखवावा. आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख, ही आज्ञा बाप्तिस्मा घेतल्यावर संपत नाही. त्यांचे नाव लेकरांना सांगावे, त्यांचे कष्ट सांगावेत, आणि ज्यांनी सुवार्ता ऐकली नाही त्यांचा न्याय करणे देवाच्या हाती सोपवावे. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, हा प्रश्न अब्राहामानेच सदोमासाठी विनवणी करताना देवाला विचारला होता, आणि अशा लोकांची बाजू घेऊन विचारला होता जे त्याच्या कुळातले नव्हते. मडगावच्या ताईंच्या परंपरेतही, १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयी काढलेल्या दस्तऐवजात, स्वतःच्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात त्यांना तारण मिळू शकते असे म्हटले आहे. आमच्या मंडळ्यांत यावर एकमत नाही. मी स्वतः अब्राहामाच्या त्या प्रश्नाजवळ थांबतो, आणि मला तेथे पुरेसा आधार मिळतो.

दुसरी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही पण सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण अब्राहामाचे संतान झालो म्हणून यहूदी लोकांची जागा आपण घेतली, असे अनेक ठिकाणी बेधडक बोलले जाते. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल रानटी जैतुनाच्या डहाळीचे चित्र काढतो. परराष्ट्रीय विश्वासणारे हे मूळ झाडाला कलम केलेल्या डहाळ्या आहेत, आणि पौल त्यांना बजावतो की दुसऱ्या डहाळ्यांपुढे फुशारकी मारू नका, मूळ तुम्हाला उचलून धरते, तुम्ही मुळाला नव्हे. देवाची कृपादाने व पाचारण ही रद्द होत नाहीत, असेही तो तेथेच इस्राएलाविषयी म्हणतो. हे न वाचल्यामुळे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या समाजांनी यहूद्यांवर शतकानुशतके जे अत्याचार केले ते आपल्या श्रद्धेच्या इतिहासातले सर्वांत दुःखद पान आहे.

उत्तर : मडगावहून, मूळच्या वसईच्या

पाळकांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एवढेच लिहिते की त्याच परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयी जे घोषणापत्र काढले त्यात ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या सर्वांना विश्वासाने अब्राहामाची मुले म्हटले आहे, आणि त्याच परिच्छेदात यहूद्यांविरुद्धचा द्वेष व छळ यांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला आहे. विश्वास आणि कृती यांवरून आपल्या मंडळ्यांमध्ये पूर्वी जे भांडण होते तेही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथेरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि आपण केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने देवाला मान्य होतो, आपल्या गुणांमुळे नव्हे, हे दोघांनी मिळून म्हटले. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात अब्राहामाची कृती पुढे केली आहे ती इसहाकाच्या अर्पणाची, आणि ती तारे दाखवल्यानंतर कितीतरी वर्षांनी घडली. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे ठरवले, तेव्हा प्रभूने त्यालाही अब्राहामाचा पुत्र म्हटले. कृतीने विश्वास विकत घेतला जात नाही. विश्वास खरा असेल तर हात सैल सुटतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

नवा प्रश्न : डिचोलीहून

ही चर्चा मी मनापासून वाचत आले आहे. माझी मुलगी अजून पाळण्यात आहे. रक्ताने वारसा मिळत नाही असे आपण सर्वांनी लिहिले आहे. मग तिला तो आमच्याकडून मिळेल असे मी म्हणू शकते का, की तिला सर्व पहिल्यापासून सुरू करावे लागेल?

उत्तर : वास्कोहून, निवृत्त पाळक

ताई, येथे मंडळ्यांच्या प्रथा वेगळ्या आहेत. काही मंडळ्या विश्वासणाऱ्यांच्या बाळांना बाप्तिस्मा देतात, कारण पन्नासाव्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी, पेत्राने म्हटले होते की हे वचन तुम्हाला, तुमच्या मुलाबाळांना आणि दूर असलेल्या सर्वांना दिलेले आहे. काही मंडळ्या मूल मोठे होऊन स्वतः विश्वास कबूल करीपर्यंत थांबतात, कारण योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी देवाची मुले ही रक्तापासून किंवा मनुष्याच्या इच्छेपासून जन्मलेली नाहीत असे लिहिले आहे. आपण ज्या मंडळीत आहात तिच्या पाळकांशी बोलून घ्यावे. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे. मुलीला एक दिवस स्वतःच्या तोंडाने हो म्हणावे लागेल, आणि ते आपण तिच्या वतीने कायमचे म्हणू शकत नाही.

पण म्हणून आपण तिला काहीच देत नाही असे नव्हे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप हेल्लेणी होता आणि त्याची सुंताही लहानपणी झालेली नव्हती. पौल त्याला लिहितो की तुझ्यातला निष्कपट विश्वास पहिल्याने तुझी आजी लोईस व तुझी आई युनीके यांच्या ठायी होता, आणि बालपणापासूनच तुला पवित्र शास्त्राची माहिती आहे. मुलगी पाळण्यात आहे तोवरच तिच्या उशाशी स्तोत्रे मोठ्याने वाचायला सुरुवात करा, आणि घरात आजी असेल तर तिलाही वाचायला बसवा.